जुळवणीक्षम मेटामटेरिअल

तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान धातूच्या आकृत्या ठरावीक अंतराने मांडून केलेला पदार्थ म्हणजे मेटामटेरिअल. त्याचे विद्युतचुंबकीय गुण मूळ धातूपेक्षा आकृत्यांच्या घडणीवर ठरतात. जॉन पेंड्री व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चिरलेल्या कड्यांची रचना सुचवली. अशा आकृतीत व्हॅरॅक्टर डायोड बसवला की व्होल्टेजने धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. धारिता चौथाई झाली तर अनुस्पंदन वारंवारता (जिला आकृती सर्वांत जोराने प्रतिसाद देते ती) दुप्पट होते.

३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ८६ मिमी असते. घटक (एक आकृती व तिची जागा) २० मिमीचा धरला आणि समोरून आलेला तरंग ३०° वळवायचा असला, तर शेजारच्या घटकांत ४२° कलांतर (तरंगाच्या टप्प्यातला फरक) ठेवावे लागते. प्रथम एकाच घटकाचे, आवर्ती सीमा लावून (तोच घटक चहूबाजूंना अखंड मांडला आहे असे धरून), संगणकावर प्रतिरूपण करतात; त्यातून व्होल्टेज व कला यांचा तक्ता मिळतो. घटकाला दोनच अवस्था असल्या तरी १६×१६ घटकांच्या पटलाचे २²⁵⁶ पर्याय होतात. ते एकेक तपासणे अशक्य, म्हणून जनुकीय अल्गोरिदम (चांगल्या रचनांची सरमिसळ करत सुधारणारा) किंवा ॲडजॉइंट पद्धत (कोणता बदल किती उपयोगी ते थोड्या गणनेत सांगणारी) वापरतात. न्यूरल नेटवर्कने आकृती शोधताना खोच अशी, की एकच प्रतिसाद अनेक आकृत्यांतून मिळतो; साधे नेटवर्क त्यांची सरासरी काढते आणि ती कशालाच उपयोगी पडत नाही.

जोडणीत नेहमीची चूक म्हणजे उलटा बसलेला डायोड. समांतर जोडलेल्या स्तंभात असा एकच डायोड सगळ्या स्तंभाचे व्होल्टेज सुमारे ०.७ वर आणून ठेवतो. स्वस्त एफआर-४ (काचतंतू व इपॉक्सीची) सर्किट पाटी अनुस्पंदनाजवळ बराच तरंग गिळते. नेमकी तिथेच कलाही झपाट्याने बदलते, त्यामुळे तापमानाने धारिता थोडी सरकली तरी झोत भरकटतो.

खानदेशात हा मुद्दा किरकोळ नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५° सेल्सिअसपर्यंत जातो, आणि उन्हातली पेटी त्याहून तापते. सुमारे ६८° सेल्सिअसला विद्युतरोधकातून धातूसारख्या अवस्थेत जाणाऱ्या व्हॅनेडियम डायऑक्साइडवरचे पटल इथे उघड्यावर लावणे धोक्याचे. व्हॅरॅक्टरसाठी निदान दोन-तीन तापमानांचे वेगळे तक्ते हवेत. पावसात पटलावर पाण्याचा थर साचला तरी अनुस्पंदन वारंवारता खाली घसरते.

धडगावसारख्या सातपुड्यातल्या भागात डोंगराआड मोबाइलचे सिग्नल वळवण्यासाठी असे पटल मधल्या कड्यावर लावावे, असे कोणालाही वाटेल. पण दूरच्या अंतरावर मिळणारी शक्ती टॉवर ते पटल आणि पटल ते फोन या दोन्ही अंतरांच्या गुणाकाराच्या वर्गाने घटते; एकूण अंतर तेवढेच असेल तर मधोमधची जागा सर्वांत वाईट. पटल टॉवरजवळ किंवा वस्तीजवळ हवे, आणि तिथेही २५६ घटक अपुरे पडतात.