साडेबारा टक्के आले कुठून?

नवी मुंबईतल्या उलव्यात किंवा द्रोणागिरीत फिरताना इस्टेट एजंटांच्या दुकानांवर 'साडेबारा टक्क्याचे प्लॉट' अशी पाटी हमखास दिसते. मुंबईहून घर बघायला आलेल्या माणसाला ती कर्जाच्या व्याजाची जाहिरात वाटू शकते. उरण-पनवेलच्या माणसाला मात्र त्या आकड्यामागे काय घडलं ते सांगावं लागत नाही. नवी मुंबई वसवायला शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने सक्तीने घेतल्या, त्यातून तो आकडा आला.

जमीन घ्यायची रीत तेव्हा 1894 च्या भूसंपादन कायद्याने ठरलेली होती. आधी कलम 4 ची अधिसूचना, मग हरकती, कलम 6 ची घोषणा, कलम 9 च्या नोटिसा आणि शेवटी मोबदला ठरवणारा निवाडा. यात खरी मेख होती ती तारखेत. भाव धरला जायचा कलम 4 ची अधिसूचना निघाली त्या दिवसाचा, मग निवाडा कितीही वर्षांनी लागो. तो भाव काढायचा आसपासच्या खरेदीखतांवरून, आणि मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात आकडा कमी दाखवायची आपल्याकडची सवय जुनीच. त्या सवयीचा फटका वीस वर्षांनी भलत्याच शेतकऱ्याला बसे. जमीन सक्तीने घेतली म्हणून वर 15 टक्के दिलासा रक्कम मिळे, हिशेब मिटला.

याच कायद्याखाली टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली जमीन घेतली गेली आणि 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे उभे राहिले. त्या घोषणेत मोबदल्याचा उल्लेखही नव्हता. बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, तेव्हा मोबदल्याच्या पैशात रस होता तो सावकारांना, हे उघड आहे.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. 17 मार्च 1970 रोजी हे शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातली 95 गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. भातखाचरं, मिठागरं, खाडीची मासेमारी यांवर जगणारी, मुख्यतः आगरी, कोळी आणि कराडी समाजाची ही गावं. खोताने कुळांकडून पिकाचा वाटा वसूल करायची खोती याच रायगड (तेव्हाच्या कुलाबा) जिल्ह्यातली. 1933 पासून जवळपास सहा वर्षं चाललेला चरीचा शेतकरी संप शेजारच्या अलिबाग तालुक्यातला. पुढे कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याचं नाव मालक म्हणून सातबारावर यायला लागलं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं शेत कसलेल्या माणसाला आपल्या नावाचा उतारा मिळाला, आणि अवघ्या तेरा वर्षांत त्याच उताऱ्यावर संपादनाचा शेरा पडला. इथला राग एवढा खोल का, याचं उत्तर मला तरी या तेरा वर्षांत दिसतं.

मोबदल्याचा घटनात्मक आधारही त्याच दशकात पातळ झाला. 1971 च्या 25 व्या घटनादुरुस्तीने 'भरपाई' या शब्दाच्या जागी नुसती 'रक्कम' आणली. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून 300-अ या अनुच्छेदात ठेवला. कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढंच तो अनुच्छेद सांगतो.

न्हावा-शेवा बंदराच्या जमिनींचा भाव हा वादाचा विषय झाला तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, स्वतः जासईचे, आंदोलनाच्या पुढे होते. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासईजवळ दास्तान फाटा आणि पागोटे इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूसंपादन कायदा बदलला, दिलासा रक्कम 15 वरून 30 टक्के झाली. हा बदल जासईमुळे झाला असं भाषणांत सांगणं सोपं असलं तरी ते विधेयक 1982 पासूनच संसदेत होतं. जासईचा ठसा खरा उमटला तो दुसरीकडे.

आंदोलनाने भावापलीकडचा प्रश्न पुढे आणला होता. एकराला किती हजार, एवढ्यावर तो थांबत नव्हता. शेताचं शहर झाल्यावर जी किंमत वाढते ती कोणाची, हे विचारलं जात होतं. 1990 मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ खातेदाराला परत द्यायची. 1994 मध्ये त्यात सुधारणा झाली. जमीन घेणाऱ्याने शहरातला वाटा मान्य केला तो असा.

हिशेब मात्र कागदावर करून पाहावा. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के 5 गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी 30 टक्के कपात, म्हणजे हातात साडेतीन गुंठे. खरा आकडा पावणेनऊ टक्क्यांचा, पण नाव साडेबाराच राहिलं. शिवाय प्लॉट भाडेपट्ट्याने, मालकीने नाही. चटईक्षेत्र निर्देशांक दीड, म्हणजे प्लॉटच्या दीडपट बांधकाम, त्यातलं 15 टक्के दुकानांसाठी. या साडेतीन गुंठ्यांवर आजोबांचे सगळे वारस, त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि त्यांची हक्कसोडपत्रं. अनेकांचा प्लॉट हाती येण्याआधीच बिल्डरशी करार होऊन जाई आणि मग सिडकोला धरून त्रिपक्षीय करारनामा. उलव्यातल्या पाट्या त्या व्यवहाराच्या.

1 जानेवारी 2014 पासून 1894 चा कायदा गेला. नव्या कायद्यात दिलासा रक्कम 100 टक्के, ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंत गुणक. शहर वसवायला जमीन घेतली तर 20 टक्के विकसित जमीन खातेदारांसाठी राखायची तरतूदही आहे, पण ती संपादन आणि विकासाचा खर्च भरून घ्यायची. विमानतळासाठी उठवलेल्या गावांना सिडकोने रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्क्यांचा पर्याय दिला, तो वेगळा.

गावठाणं मात्र संपादनातून वगळलेली होती, आणि त्यांच्या हद्दी होत्या तिथेच राहिल्या. घरातली पोरं वाढली, त्यांची लग्नं झाली, तेव्हा शेजारच्या, एके काळी आपल्याच असलेल्या जमिनीवर खोल्या चढल्या. सरकारी कागदात ती अतिक्रमणं. गावात त्यांना 'गरजेपोटी घरं' म्हणतात, आणि ती नियमित करायचे शासन निर्णय अजून निघत आहेत.