सुईचं नेढं म्हणजे यरुशलेमचा दरवाजा?

बायबलमधल्या श्रीमंत तरुणाच्या गोष्टीत येशू म्हणतो, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. ‘यरुशलेमेत “सुईचं नेढं” नावाचा बुटका दरवाजा होता, ओझं उतरवलं, गुडघे टेकले की उंट त्यातून जाई,’ हे या गोष्टीवर बोलताना हमखास सांगितलं जातं. कल्पना सुरेख, नम्रतेचा धडाही चांगला. पण येशूच्या काळी अशा नावाचा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. मार्कच्या शुभवर्तमानात या वाक्याच्या (मार्क १०:२५) पुढच्या दोन ओळी वाचून पाहा. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचं? उंट वाकून जात असता तर ते एवढे का दचकले असते? येशूही माणसांना हे अशक्य आहे, असंच म्हणतो. शिवाय ही गोष्ट तीन शुभवर्तमानांत आहे आणि मूळ ग्रीकमध्ये मत्तय-मार्क सुईसाठी एक शब्द वापरतात, लूक दुसराच. दरवाजाचं नाव असं सहसा बदलत नाही. बाबिलोनी तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात तर अशक्य गोष्ट म्हणून नेढ्यातून जाणारा हत्ती आहे!