बुलेटच्या सायलेन्सरची निवड

रॉयल एनफिल्ड बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढून आपल्या पसंतीच्या आवाजाचा बसवण्याची प्रथा. इतर गाड्यांनाही सायलेन्सर बदलतात, पण ‘आवाज कसा आहे?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो तो बुलेटलाच.

या आवाजाचे मूळ इंजिनात आहे. जुन्या ३४६ सीसी बुलेटचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी. सिलिंडर एकच; इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू, म्हणजे आयडलिंग, मिनिटाला ९०० फेऱ्यांची धरली, तर सेकंदाला साडेसात ठोके पडतात. इतके सुटे ठोके कानाला वेगवेगळे जाणवतात, तीच ती डुगडुग. सायलेन्सर हा ठोका निर्माण करत नाही, फक्त किती बाहेर सोडायचा ते ठरवतो.

बाजारात ‘पंजाब’, ‘इंदूरी’, ‘गोल्डस्टार’, ‘मेगाफोन’ अशी नावे चालतात. आत कप्पे असले तर आवाज दबतो. सरळ जाळीच्या नळीभोवती ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलेले असेल, तर चिरका भाग शोषला जातो आणि खर्ज उरतो. पण हे वूल हळूहळू जळते, उडते. मग तोच सायलेन्सर वर्षा-दोन वर्षांत पत्र्यासारखा वाजू लागतो. ‘पंजाब’ आतून जवळजवळ पोकळच. इग्निशन क्षणभर बंद-चालू करून फटाके काढणारे तोच शोधतात: न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत साचते आणि पेटते. याला आवाजाची आवड म्हणणे जरा अवघडच.

निवडताना हमखास होणारी चूक म्हणजे दुकानासमोर गाडी उभी ठेवून ऐकणे. आयडलिंगला गोड वाटणारा सायलेन्सर हायवेवर तासभर एकसुरी घुमू लागला की डोके उठते. मोबाइलवरच्या व्हिडिओवर तर मुळीच विसंबू नये. त्यात खर्ज नीट ऐकू येत नाही. ओळखीच्या कुणाची तसाच सायलेन्सर लावलेली गाडी मागून घेऊन वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पाहावी.

कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग) गाडीला मोकळा सायलेन्सर लावल्यावर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकते. स्पार्क प्लग काढून पाहिला तर टोक पांढुरके दिसते, बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) निळा पडतो, थ्रॉटल सोडताच फट् फट् होते. मग मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) मोठा घालावा लागतो. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांत (एप्रिल २०२० पासून) धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतात. बेंडसकट सगळे बदलले तर तेही जातात आणि प्रदूषणाचा नियम थेट मोडतो.

कायदाही आड येतो. १७५ सीसीवरील मोटरसायकलींसाठी निर्मितीच्या वेळची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाजाच्या मानकाचा भंग केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रातल्या शहरांत वाहतूक पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. म्हणून जाणती मंडळी कंपनीचा सायलेन्सर गॅरेजवाल्याकडे सोडत नाहीत, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवतात.