होम थिएटर रिसीव्हरला स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर जोडणे

होम थिएटर रिसीव्हरच्या एकाच पेटीत दोन कामे चालतात. सिनेमाचा आवाज उलगडून कोणत्या स्पीकरला काय द्यायचे ते ठरवणे हे पहिले, आणि तो आवाज स्पीकर हलवण्याइतका ताकदवान करणे हे दुसरे. दुसरे काम वेगळ्या पॉवर ॲम्प्लिफायरकडे सोपवता येते. त्यासाठी रिसीव्हरला मागे ‘प्री-आउट’ सॉकेट, म्हणजे ताकद देण्याआधीचा सिग्नल बाहेर काढणारे सॉकेट लागतात. स्वस्त रिसीव्हरमध्ये ते बहुधा सबवूफरपुरतेच (खर्जाच्या स्पीकरपुरतेच) असतात, म्हणून खरेदीआधी मागची बाजू पाहावी. प्री-आउटमधून आरसीए वायरने सिग्नल ॲम्प्लिफायरला जातो आणि स्पीकरच्या वायरी त्यालाच जोडतात. बहुतेक जण डावा, उजवा आणि मधला एवढेच स्पीकर त्यावर घेतात. सराउंड, म्हणजे बाजूचे आणि मागचे स्पीकर, रिसीव्हरवरच राहतात आणि रिसीव्हरचा भार हलका होतो.

खोक्यावर छापलेले १०० वॅट बहुधा दोनच चॅनल (प्रत्येक स्पीकरची वेगळी वाट) चालवून मोजलेले असतात. सगळ्या चॅनलनी एकदम मागणी केली की आकडा खाली येतो. तरीही नुसत्या वॅटच्या मागे धावू नये. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. १०० वॅटच्या रिसीव्हरला १५० वॅटचा ॲम्प्लिफायर जोडून फारसे काही हाती लागत नाही. स्पीकर ४ ओहमचे (जास्त करंट ओढणारे) किंवा कमी संवेदनशीलतेचे (तेवढ्याच वॅटला कमी आवाज देणारे) असतील आणि हॉल मोठा असेल, तर मात्र फरक ठळक कळतो. स्लॅब आणि गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये घुमणारे संवाद ॲम्प्लिफायरने सुधारत नाहीत. तिथे आधी जाड सतरंजी आणि पडदे.

मराठवाड्यात या जोडणीचे यश बरेचसे विजेवर ठरते. शेतीपंप सुरू झाले की गावाकडे व्होल्टेज पडते, आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढतो. त्याला पुरेसा स्टॅबिलायझर नसेल तर फायदा तिथेच संपतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून यंत्र बंद कपाटात कोंडू नये.

त्याहून महत्त्वाचे अर्थिंग. दोन यंत्रे वेगवेगळ्या बोर्डांवर असली की अर्थिंगचे वेटोळे तयार होऊन स्पीकरमधून ‘हूं’ असा आवाज येऊ शकतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावीत. तरी न थांबल्यास डिशची किंवा केबलची वायर काढून पाहावी. तिसरी पिन काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीही मानू नये, कारण आत बिघाड झाल्यास धातूच्या पेटीत २३० व्होल्ट उतरू शकतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणूनच मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालत राहण्याची पद्धत आजही उपयोगी आहे.

मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर ताकदीला भरपूर आणि तुलनेने स्वस्त असतात, पण त्यांचा पंखा शांत प्रसंगात ऐकू येतो.

जोडणीनंतर रिसीव्हरच्या माइकने सर्व स्पीकरांची पातळी पुन्हा मोजावी, कारण नव्या ॲम्प्लिफायरची वाढ (गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते) रिसीव्हरच्या चॅनलांपेक्षा वेगळी असते. सुरू करताना आधी रिसीव्हर, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. १२ व्होल्टच्या ट्रिगरची, म्हणजे रिसीव्हरकडून ॲम्प्लिफायरला सुरू-बंदचा इशारा देणाऱ्या वायरीची सोय असल्यास हा क्रम यंत्रेच सांभाळतात.