अँटी-रोल बार आणि त्यातील बदल

अँटी-रोल बार : वळण घेताना मोटारगाडीचे अंग एका बाजूला फार कलू नये म्हणून डाव्या व उजव्या चाकांची सस्पेन्शन एकमेकांना जोडणारा, स्प्रिंगच्या पोलादाचा वाकवलेला दांडा. अमेरिकेत याला स्वे बार म्हणतात, ब्रिटनमध्ये अँटी-रोल बार. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘स्टॅबिलायझर’ एवढे म्हटले की पुरते. मारुतीच्या माहितीपत्रकांत ‘टॉर्शन टाइप रोल कंट्रोल डिव्हाइस’ असे भारदस्त नाव दिसे, तेही याच दांड्याचे. ‘रोल बार’ मात्र निराळा. शर्यतीची गाडी उलटली तर चालकाचे डोके वाचवणारी नळीची कमान म्हणजे रोल बार.

कंपनीने बसवलेला बार काढून त्या जागी जाड, पोकळ किंवा कमी-जास्त करता येणारा बार घालणे हा हौशी मोटारचालकांचा आवडता बदल आहे. तुलनेने स्वस्त, चार बोल्टांचे काम, आणि पहिल्याच वळणावर फरक जाणवतो. नेमका कोणता फरक जाणवतो, याबद्दल मात्र गैरसमज पुष्कळ आहेत.

कार्य

बारचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा असतो. मधला आडवा भाग दोन रबरी बुशांमध्ये, म्हणजे भोक असलेल्या रबरी तुकड्यांमध्ये, धरून चेसिसला किंवा सबफ्रेमला आवळलेला असतो. दोन्ही टोके वळून हातासारखी मागे किंवा पुढे येतात आणि लिंक रॉडमार्फत लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) किंवा शॉकॲबला (शॉक ॲब्सॉर्बरला) जोडली जातात.

धुतलेली चादर दोघांनी दोन टोकांना धरली आणि दोघांनीही ती एकाच दिशेने फिरवली, तर चादर नुसती फिरते. एकाने इकडे आणि दुसऱ्याने तिकडे फिरवली की पीळ बसतो. बारचेही असेच आहे. गाडी स्पीडब्रेकरवर सरळ चढली की दोन्ही चाके एकदम वर जातात, बार बुशांमध्ये फिरतो आणि काहीच करत नाही. वळणावर बाहेरचे चाक दबते, आतले सुटते, बारला पीळ बसतो आणि तो पीळ गाडीला सरळ करू पाहतो. म्हणूनच स्प्रिंग मऊ ठेवूनही वळणावरचा कल आवरता येतो.

या कल्पनेचे पेटंट १९१९ मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना मिळाले. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बहुतेक गाड्यांना त्याची गरज भासली नाही, कारण त्यांचे पाटेच (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) इतके कडक असत. १९५० नंतर मऊ कॉइल स्प्रिंगा रूढ झाल्या आणि बारही सर्वत्र आला. १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल व झेफर या गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंग व शॉकॲब एकाच उभ्या खांबात असलेली रचना, होते. त्यात पुढच्या बारवर दुहेरी काम सोपवले होते : कल आवरायचा आणि खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू न देता जागेवरही धरायचे. अशा रचनेतला बार निव्वळ स्टॅबिलायझर नसतो. तो मनाला येईल तसा बदलला किंवा काढला, तर चाकाची जागाच बदलते.

जाडीचे गणित

भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून २० मिमी ऐवजी २२ मिमी बार घातला तर डोळ्यांना फरक फारसा दिसत नाही, पण कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. २२ वरून २५ मिमी केला तर वाढ सुमारे ६७ टक्के. दुकानदार ‘फक्त तीन मिलिमीटर जास्त आहे’ म्हणतो तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

याच नियमामुळे पोकळ बार फायद्याचा ठरतो. पिळाला विरोध मुख्यतः बाहेरच्या थरातून होतो, मधला गाभा जवळजवळ फुकटचे वजन असतो. बाहेरून २५ मिमी व्यासाचा आणि ४ मिमी जाडीच्या भिंतीचा पोकळ बार तेवढ्याच भरीव बारच्या सुमारे ७९ टक्के कडक असतो, वजन मात्र ५४ टक्केच.

दुसरा घटक हाताच्या लांबीचा. हात जितका आखूड, तितका बार कडक, तोही लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. बदलत्या कडकपणाच्या बारांना टोकाशी दोन-तीन भोके असतात ती यासाठीच. लिंक २०० मिमीवरच्या भोकातून काढून १८० मिमीवरच्या भोकात लावली, की दांडा तोच राहूनही कडकपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. शर्यतीच्या काही गाड्यांत हाताच्या जागी चपटी पाती असते. चालक बसल्या जागी दोरी किंवा तरफ ओढून ती पाती आडवी-उभी करतो आणि शर्यत चालू असतानाच बार मऊ-कडक करतो.

हे आकडे फक्त बारचे आहेत. गाडीचा एकूण कल स्प्रिंगही आवरत असतात, त्यामुळे बार ४६ टक्के कडक केला म्हणून कल तितक्या टक्क्यांनी घटत नाही.

पकड वाढते की वाटली जाते?

जाड बारने गाडी कमी कलते, म्हणजे वजन बाहेरच्या चाकांवर कमी जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार मुख्यतः गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतो. समजा, गाडी १,२०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी वर, चाकांमधले अंतर १.५ मीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट. अशा वेळी आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे २६४ किलो भार सरकतो. बार कितीही जाड घाला, हा आकडा जवळपास तसाच राहतो.

बार एवढेच ठरवतो की या २६४ किलोंपैकी किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या. हाच या विषयाचा गाभा आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीत भाराची अदलाबदल जास्त, त्या जोडीची एकत्रित पकड कमी होते. पुढचा बार कडक केला की पुढची चाके आधी घसरू लागतात, स्टिअरिंग वळवूनही गाडीचे तोंड बाहेर पळते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचा कडक केला की गाडी वळणात चटकन शिरते, आणि अतिरेक झाला तर मागचा भाग निसटून गाडी स्वतःभोवती फिरते. हा ओव्हरस्टिअर. थोडक्यात, ज्या टोकाला जाड बार, त्या टोकाची पकड आपण मुद्दाम खर्च करतो.

रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्या कंपनी जाणूनबुजून अंडरस्टिअरकडे झुकत्या ठेवते. घाबरलेला चालक ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो आणि गाडी आपोआप सावरते, असा त्यामागचा हिशेब असतो. पुढची चाके ओढणाऱ्या (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) गाड्यांत हौशी लोक आधी मागचा बार जाड करतात ते याच्या उलट टोकाकडे सरकण्यासाठी. अशा गाड्या जोरात वळताना आतले मागचे चाक चक्क हवेत उचलतात. फोक्सवागन गोल्फ जीटीआयची तीन चाकांवरची छायाचित्रे त्यामुळेच प्रसिद्ध आहेत.

नियमाला अपवादही आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मॅकफर्सन स्ट्रटची गाडी कलली की बाहेरचे पुढचे चाक वरच्या अंगाने बाहेर झुकते आणि टायर काठावर चालू लागतो. इथे पुढचा बार कडक केल्याने चाक उभे राहते आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला टेकतो. तो फायदा भारवाटपाच्या तोट्याहून मोठा ठरला, तर पुढची पकड वाढतेसुद्धा. म्हणून ‘मागचाच बार बदला’ हा सरसकट सल्ला आंधळेपणाने घेऊ नये.

कॉर्वेअर आणि नॅनो

पुढचा बार वगळला तर काय होते, याचे गाजलेले उदाहरण शेव्हरोले कॉर्वेअरचे. १९६० च्या वर्षासाठी आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते, बहुतांश वजन मागच्या चाकांवर होते आणि मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे चाक वर-खाली होताना ते तिरके करणारा आस, होता. अशा रचनेला पुढचा बार हवाच, पण खर्च वाचवण्यासाठी तो वगळला गेला. त्याची भरपाई टायरच्या हवेने करायची होती : पुढे १५ पौंड, मागे २६. पुढची हवा इतकी कमी ठेवली की पुढचे टायर आधी घसरतात आणि तोल टिकतो. पण चारही टायरांत सारखी हवा भरणे ही पेट्रोल पंपावरची जगभरची सवय आहे, आणि ती भरली की सगळा हिशेब उलटा. १९६४ मध्ये पुढचा बार सर्व कॉर्वेअरना मिळाला, मागेही आडवा पाटा आला. १९६५ मध्ये ग्राहक-हक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी या गाडीवर घणाघाती टीका केली, तोवर दोष दुरुस्त होऊन गेला होता. १९७२ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेने जुनी कॉर्वेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. वाद त्याने मिटला नाही.

मागे इंजिन आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब, हे वर्णन आपल्याला ओळखीचे आहे. टाटा नॅनो २००९ मध्ये आली तेव्हा तिला अँटी-रोल बार नव्हता. २०१२ च्या सुधारित नॅनोला तो पुढे बसवण्यात आला. दोन्ही गाड्यांचे सस्पेन्शन निराळे, वेगही निराळे, त्यामुळे तुलना फार ताणू नये. बार कुठे लावायचा, याचे उत्तर मात्र दोन्हीकडे एकच निघाले.

बदल करताना

अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत, म्हणजे मोकळ्या पटांगणावर शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या वेळेच्या शर्यतींत, जवळपास मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या गटात एकच बार बदलायची मुभा असते, पुढचा किंवा मागचा. पूर्वी ती फक्त पुढच्याला होती आणि पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांचे चालक त्यावर कुरकुरत. दोन्ही बार एकदम बदलण्याची घाई करणाऱ्यांनी हा नियम स्वतःला लावून घ्यावा. एक बार बदलून महिनाभर गाडी चालवली, म्हणजे कशाने काय झाले ते कळते.

जाड बारपेक्षा आधी जुने बुश पाहावेत. झिजलेल्या बुशात आणि खिळखिळ्या लिंक रॉडमध्ये बारचा पहिला पीळ वायाच जातो. खडबडीत रस्त्यावर पुढून येणारा ‘कटकट’ आवाज बहुधा लिंक रॉडचाच असतो. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घातले तर बार लगेच प्रतिसाद देतो, पण सिलिकोन ग्रीस न लावता बसवले तर काही दिवसांत ते किरकिरू लागतात. बुशाचे भोक नव्या बारच्या जाडीचेच हवे.

बोल्ट आवळताना दोन्ही बाजूंची चाके सारख्या भाराखाली असावीत. एकच बाजू जॅकवर उचलून लिंक आवळली तर बारला आधीच पीळ बसतो आणि गाडी डावीकडे एक व उजवीकडे दुसरे, असे वागते. उंची कमी केलेल्या गाडीत लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लिंक लागतात त्या याचसाठी.

बार कडक झाला की त्याचा जोर त्याला धरणाऱ्या पट्ट्यांवर येतो. सुबारू इम्प्रेझात जाड मागचा बार घातल्यावर मूळ पातळ ब्रॅकेट वाकण्याचा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की मजबूत ब्रॅकेट वेगळे विकले जातात. लहान हॅचबॅकमध्ये मागे बहुधा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, असतो. तो स्वतःच पिळून बारचे काम करतो, म्हणून तिथे ‘मागचा बार’ म्हणजे बीमला बोल्टने जोडलेला जादा दांडा.

तोटे

बार दोन चाकांची स्वतंत्र हालचाल थोडी काढून घेतो. डावे चाक खड्ड्यात गेले की उजव्यालाही धक्का कळतो, आणि प्रवाशांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. अर्धवट उखडलेला किंवा एकाच बाजूने खचलेला रस्ता जिथे रोजचा, तिथे फार जाड बार हे विकतचे दुखणे ठरते. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या वळणावर कडक मागचा बार आणखी अवघड, कारण कोरड्यावर चपळ वाटणारी गाडी तिथे अचानक मागून सुटते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचा बार फार कडक केला तर आतले चाक हलके पडते आणि वळणातून निघताना नुसते फिरते.

खडकाळ वाटेवर तर बारच नको असतो, कारण चाक खाली लोंबले नाही तर जमीनच सुटते. जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत पुढचा बार बटण दाबून मधोमध सोडवता येतो. टोयोटाच्या केडीएसएस यंत्रणेत पुढच्या-मागच्या बारना तेलाच्या सिलिंडरांनी जोडून हाच परिणाम आपोआप साधला जातो.

याच वाटेने पुढे सक्रिय बार आले. सिट्रोएन झँशिया ॲक्टिवामध्ये १९९० च्या दशकातच तेलाच्या दाबाने कल जवळपास नाहीसा केला होता. १९९९ मध्ये एका स्वीडिश नियतकालिकाच्या अडथळा चुकवण्याच्या चाचणीत तिने ताशी ८५ किमीचा विक्रम केला. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सेव्हन सीरिजमध्ये बारच्या मधोमध हायड्रॉलिक मोटर घातली, तर बेंटली बेंटायगा व आउडी एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टची विजेची मोटर आली. मॅकलॅरनच्या १२सी गाडीने २०११ मध्ये बारच वगळला आणि चारही शॉकॲब तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले.

भारतातील स्थिती

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. आरसीवर बारच्या जाडीची नोंद नसते. तरीही वॉरंटी आणि अपघातानंतरचा विम्याचा दावा, दोन्ही ठिकाणी हा बदल विचारला जाऊ शकतो. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीनेच जाड बार दिला असेल, तर सुटा भाग म्हणून तोच मागवणे हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे, आणि बहुतेक वेळा तो बाहेरच्या चकचकीत रंगीत बारपेक्षा स्वस्तही पडतो.