नागपूर आणि कारभाराचं शिक्षण : थोडी पार्श्वभूमी

सरकारी कार्यालय किंवा सेवाभावी संस्था चालवायला शिकायचं म्हटलं की आज एमपीएससीचा क्लास नाहीतर एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याची, पदवी आठवते. नागपुरात हा विषय विद्यापीठात त्याच्या बराच आधी आला. १९४९-५० च्या सुमारास नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य शासनाचा विभाग सुरू झाला, प्रा. एम. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली. देशातला पहिला स्वतंत्र विभाग म्हणून त्याचा उल्लेख होतो. दिल्लीतली भारतीय लोकप्रशासन संस्था निघाली ती १९५४ मध्ये.

हे इथेच का झालं? नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची, म्हणजे पुढच्या जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी होतं हे एक कारण. दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे जनपद योजना. द्वारकाप्रसाद मिश्र स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री असताना १९४८ च्या कायद्याने तहसील पातळीवर जनपद सभा, म्हणजे स्थानिक कारभार पाहणाऱ्या सभा, आल्या. सभासद लोकांचे आणि मुख्य कार्यकारी मात्र सरकारी अधिकारी. विहीर आधी कोणत्या गावाला, कोणत्या मास्तराची बदली कुठे, यात शेवटचा शब्द कोणाचा? हा पेच कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. विद्यापीठाच्या वर्गात शिकवायला तो दाराशीच तयार होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. पण शिकवण्याच्या संस्था येतच राहिल्या, त्याही लगोलग. आयकर अधिकाऱ्यांचं स्टाफ कॉलेज १९५७ मध्ये इथे सुरू झालं, तीच आजची छिंदवाडा रोडवरची प्रत्यक्ष कर अकादमी. त्याच वर्षी राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय रामपूरहून नागपुरात आलं. (राजधानी गेल्याची भरपाई म्हणून का, ते ज्याने त्याने ठरवावं.)

मग १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. त्यांचा आराखडा ज्या समितीने दिला तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. एकक तहसिलीचं जिल्ह्यावर गेलं, पण रचना ओळखीचीच होती : वर निवडून आलेले अध्यक्ष, बाजूला नेमलेले सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. आता इथल्या ‘वनामती’त, म्हणजे नाईकांच्याच नावाच्या संस्थेत, कृषी विस्ताराबरोबर राज्यसेवेतल्या नव्या अधिकाऱ्यांचंही प्रशिक्षण होतं. सरकारी कारभारात नव्या माणसाला बहुधा आधी कागद शिकावा लागतो : नस्ती (फाइल), टिप्पणी (फाइलवर लिहायचं मत), कार्यविवरण नोंदवही (टेबलावर आलेल्या कागदांची नोंद) आणि सहा गठ्ठा पद्धत. म्हणजे प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन, दुसऱ्यात, नियतकालिकं, म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, तिसऱ्यात, असं करत शेवटच्यात नष्ट करायचे कागद. कंटाळवाणं वाटतं खरं. पण बदली होऊन आलेल्याला टेबल समजतं ते यामुळेच.

सेवाभावी संस्थांची वाट वेगळी. कमलाताई होस्पेट बालविधवा. डफरिन हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि १९२१ मध्ये वेणूताई नेन्यांबरोबर मातृसेवा संघ काढला. सुरुवात छोट्या प्रसूतिगृहापासून. पुढे शाखा वाढल्या, परिचारिकांचं प्रशिक्षण आलं, नंतर समाजकार्याचं महाविद्यालयही. व्यवस्थापनाचा कोर्स करून हे कोणी केलं नव्हतं. देणगीदार सांभाळणं, रात्रपाळी लावणं, शाखेचा हिशेब मागणं, सगळं करता करता. विदर्भातल्या पुष्कळ संस्थांचं असंच आहे, आणि म्हणूनच संस्थापक गेल्यावर कित्येक डगमगतात.

राज्य बदललं तसा विश्वस्त संस्थांचा कायदाही बदलला, आणि विदर्भातल्या संस्था मुंबईच्या १९५० च्या कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या कक्षेत आल्या. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘चेंज रिपोर्ट’. सोबत ठराव, इतिवृत्त, सूचक-अनुमोदकांची नावं. दोन गटांची भांडणं याच अर्जावर वर्षानुवर्षं चालतात. इथेही पेच तोच : मानद अध्यक्ष आणि पगारी कार्यकर्ता, कोण कोणाला विचारणार?

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आणि संस्थांकडे आराखडे, विनियोग प्रमाणपत्रं (पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचे दाखले), ‘इम्पॅक्ट’ म्हणजे कामाचा परिणाम मागितला जाऊ लागला. २०१५ मध्ये व्यवस्थापन शिकवणारं आयआयएमही नागपुरात आलं. प्रकल्प कसा मांडावा हे शिकवणारे आता मिळतात. अध्यक्षांना नाही कसं म्हणावं, ते मात्र नव्या समन्वयकाला अजून संस्थेतला जुना लेखापालच शिकवतो.