ग्रामीण ज्यू दफनभूमी

गावाबाहेर, बहुधा उतारावर किंवा पडीक जमिनीवर असलेली आणि आसपासच्या अनेक खेड्यांतील ज्यूंनी सामाईक वापरलेली दफनभूमी. मध्य व पूर्व युरोपात अशा जागा फार मोठ्या संख्येने आहेत. एकट्या जर्मनीत ज्यू दफनभूम्या दोन हजारांहून अधिक असून त्यांतल्या पुष्कळ खेड्यापाड्यांत आहेत. बहुतेक ठिकाणी आता जवळपास एकही ज्यू कुटुंब राहत नाही. त्यामुळे देखभाल कोणी करायची आणि कोणत्या नियमाने, हा यातला खरा प्रश्न आहे.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत अनेक जर्मन शहरांनी ज्यूंना हद्दपार केले. रेगेन्सबुर्गने १५१९ मध्ये त्यांना हाकलले, त्यांची दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि तिथले दगड नगरवासीयांच्या घरांच्या भिंतींत बसले. काही आजही दिसतात. थडग्यांचे दगड बांधकामाला लावण्याचा प्रकार नाझी काळातही घडला, पण तो नाझींनी सुरू केलेला नव्हे. हद्दपार झालेल्यांपैकी अनेकांनी छोट्या सरदारांच्या खेड्यांत आसरा घेतला. तिथे राहण्यासाठी संरक्षण-कर द्यावा लागे, दफनासाठी बहुधा वेगळी रक्कम. एका खेड्यात ज्यूंची घरे मूठभर, त्यामुळे दफनभूमी पंचक्रोशीची असे आणि प्रेत गाडीत घालून दूरवर न्यावे लागे. अल्सेसमधील (आजचा पूर्व फ्रान्स) रोझेनव्हिलरची दफनभूमी चौदाव्या शतकापासूनची असून त्या भागातील सर्वांत मोठ्या ग्रामीण दफनभूम्यांत ती मोडते.

स्वित्झर्लंडमधील एन्डिंगेन व लेंगनाऊ या जोडगावांची कथा वेगळी आहे. १७७६ पासून या दोनच गावांत ज्यूंना वस्तीची मुभा उरली आणि देशभर राहण्याचा हक्क १८६६ मध्ये मिळाला. गावात राहू देणे निराळे आणि गावच्या मातीत पुरू देणे निराळे. सतराव्या शतकाच्या आरंभापासून इथल्या मृतांना ऱ्हाइन नदीतल्या एका लहान बेटावर न्यावे लागे. अखेर १७५० मध्ये दोन्ही गावांच्या मधोमध जमीन मिळाली. ती दफनभूमी अजून वापरात आहे. बेटावरचे उरलेले दगड व अवशेष १९५० च्या दशकात तिथे हलवण्यात आले.

असे हलवणे ज्यू धर्मशास्त्रात अपवादानेच घडते. कबर ही मृताची कायमची मालकी समजली जाते. ठरावीक वर्षांनी जागा रिकामी करून दुसऱ्याला देण्याची चाल तिथे नाही. पवित्र भूमीत (इस्रायलमध्ये) पुन्हा दफन करणे, घरच्यांच्या शेजारी नेणे किंवा पाण्याने कबर वाहून जाण्याचा धोका, अशी थोडीच कारणे मान्य आहेत. दगड नाहीसे झाले तरी जमीन दफनभूमीच राहते. जीर्णोद्धाराचे सगळे तंत्र या एका तत्त्वावर चालते : आधी जमीन, मग दगड.

दगडांवर कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याची खूण आशीर्वाद देणारे दोन हात, तर लेवींची, म्हणजे पुरोहितांच्या साहाय्यक घराण्यांची, खूण पाण्याची सुरई. पोलंडकडे सिंह, हरिण व मोडलेली मेणबत्ती कोरलेली आढळते. तारखेत ज्यू पंचांगाचे वर्ष हिब्रू अक्षरांत असते, प्रत्येक अक्षराला ठरावीक अंकमूल्य असते आणि हजारचा आकडा बहुधा गाळतात. अक्षरांची बेरीज ५१० आली तर १२४० मिळवून साधारण इसवी सन १७५० हे वर्ष निघते. एकोणिसाव्या शतकात हिब्रूच्या जोडीला जर्मन मजकूर येतो, मग हिब्रू आखडत जाते.

ऱ्हासाची सुरुवातही त्याच शतकातली. नागरी हक्क मिळताच तरुण शहरांकडे गेले, सिनेगॉग म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळे ओस पडली आणि मागे थडगी राहिली. नाझी काळात मात्र जाणूनबुजून विध्वंस झाला. पोलंडमधील काझिमेश दोल्नी येथे गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) ताब्यात घेतलेल्या ख्रिस्ती मठाच्या आवारात थडग्यांच्या दगडांची फरसबंदी केली होती. ते तुकडे गोळा करून १९८४ मध्ये एक भिंत उभारली गेली आणि तिच्यात मुद्दाम आरपार भेग ठेवली. कोणता दगड कोणाच्या डोक्याशी होता हे कळत नसेल, तर अंदाजाने तो कुठेतरी रोवण्यापेक्षा अशी भिंत बरी.

प्रत्यक्ष कामात पहिली पायरी हद्द ठरवण्याची. जुने नकाशे, हवाई छायाचित्रे आणि गावातल्या वृद्धांची आठवण यांवरून ती काढतात. उत्खनन वर्ज्य असल्याने शंका आली तर जमिनीत शिरणाऱ्या रडारचा आधार घेतात. कुंपणाचे खांब कबरींच्या बाहेर पडले पाहिजेत. झाड तोडले तरी बुंधा व मुळे तशीच ठेवतात, कारण मुळांसोबत हाडे वर येऊ शकतात. कोहेन व्यक्तीला कबरींजवळ जाण्याची मनाई असल्याने नेमकी हद्द तिच्यासाठीही लागते.

दगड साफ करायचा तो पाण्याने आणि मऊ ब्रशने. तारेचा ब्रश, आम्ल व ब्लीच यांनी वालुकाश्माचा पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात. सिमेंट दगडापेक्षा कडक असते. ओल आत कोंडते आणि दगड तडकतो, म्हणून चुन्याचा मसाला वापरतात. अक्षरे उठून दिसावीत म्हणून पूर्वी पीठ किंवा दाढीचा फेस चोळत. आता त्याऐवजी एकजण बाजूला आरसा धरतो, उन्हाची तिरीप दगडाच्या पृष्ठावरून तिरपी सरकते आणि सपाट वाटणाऱ्या जागी ओळ उमटते. पालथा पडलेला दगड उलटला की बहुधा सर्वांत ठळक मजकूर त्याच्यावर सापडतो. पावसापासून तो वाचलेला असतो. कललेला पण स्थिर दगड सरळ करण्याचा अट्टहास जाणकार करत नाहीत.

जर्मनीत ओस पडलेल्या ज्यू दफनभूम्यांच्या देखभालीचा खर्च १९५७ च्या समझोत्यानुसार केंद्र व राज्ये उचलतात. पोलंडमध्ये ज्यू वारसा जतन करणारे प्रतिष्ठान २००२ पासून काम करते, शिवाय दफनभूम्यांसाठी रब्बींचे म्हणजे ज्यू धर्मगुरूंचे वेगळे मंडळ आहे. २०१५ मध्ये सुरू झालेला ‘ईएसजेएफ’ हा उपक्रम पूर्व युरोपात ड्रोनने मोजणी करून कुंपणे घालतो. शिलालेखांच्या नोंदीसाठी जर्मनीतील एसेन येथील श्टाइनहाइम संस्थेचा ‘एपिडाट’ हा खुला संग्रह उपयोगी पडतो. त्यात थडग्याचा फोटो, मूळ हिब्रू मजकूर आणि जर्मन भाषांतर शेजारी-शेजारी मिळते.